नॅशनल टीमच्या कोचचं कॉन्ट्रॅक्ट कसं करायचं: आधी निघायचा रस्ता लिहा, पगार मग

जून २०२४ मध्ये इगोर स्टिमॅकला इंडियाच्या फुटबॉल टीमच्या कोचपदावरून काढलं, तो सोमवार होता, आणि पुढच्या रविवारी सकाळी खेळून झाल्यावर तर्री पोह्याच्या ठेल्यावर आमच्यात तोच एक विषय. एक जण म्हणे, "बरं झालं काढलं, विषय संपला." मी म्हटलं, "विषय आता सुरू झाला बे. करार जून २०२६ पर्यंतचा आहे, बाकीच्या दोन वर्षांचे पैसे कोण देईन?" सगळे माझ्याकडे असे पाहायला लागले की जणू मीच स्टिमॅकचा वकील.

वकील मी आहेच, पण त्याचा नाही. इथे नागपूर बेंचला सर्व्हिस मॅटर करतो, म्हणजे कोणाला नोकरीवरून काढलं, कोणाचा पगार अडकला, कोणाची बढती दाबली, असली कामं. फुटबॉलचा नाद शाळेपासूनचा. त्यामुळे कुठल्या नॅशनल कोचच्या कराराची बातमी आली की मी मॅचच्या स्कोअरआधी ती वाचतो, आणि ग्रुपमधल्या पोरांनी दहादा विचारल्यावर शेवटी लिहायला बसलो की फेडरेशनच्या खुर्चीत तुम्ही बसले असाल तर हे कॉन्ट्रॅक्ट नेमकं कसं करायचं. कोचच्या बाजूने बसले असाल तरी वाचा, टेबल तेच आहे.

पहिले हे ठरवा की बोलणार कोण

फेडरेशनमध्ये टेक्निकल कमिटी नावं सुचवते, एक्झिक्युटिव्ह कमिटी मंजुरी देते, सही जनरल सेक्रेटरी करतो आणि फोटो प्रेसिडेंटचा येतो. हे चौघं कोचशी चार वेगवेगळ्या फोनवर बोलायला लागले की कोचचा एजंट खूश, कारण ज्याने जास्त कबूल केलं त्याचंच वाक्य तो पकडून ठेवतो. स्टिमॅकच्या वेळी फेडरेशनने नंतर स्वतःच सांगितलं की आपल्या बाजूचं टर्मिनेशनचं कलम त्या करारात नव्हतं, आणि मग कोणी काय मंजूर केलं आणि सही कशावर झाली यावरून घरातच जुंपली. म्हणून बोलणी सुरू व्हायच्या आधी एका पानाचा ठराव करा: वर्षाला एकूण खर्च किती पर्यंत (पगार नाही, एकूण खर्च), मुदत किती पर्यंत, काढावं लागलं तर जास्तीत जास्त किती महिन्यांचे पैसे द्यायची तयारी, आणि कोणत्या दोन-तीन गोष्टी काहीही झालं तरी सोडायच्या नाहीत. बोलणारा माणूस एकच, आणि त्याच्या हातात तो ठराव. बाकीच्यांनी फोन उचलायचा नाही, उचललाच तर "त्यांच्याशी बोला" एवढंच.

अर्ज मागवत असाल तर अर्ज खरा आहे का तेही बघा. हसू नका. २०२५ मध्ये आपल्या फेडरेशनकडे १७० अर्ज आले, त्यात बार्सिलोनाचा माजी कोच झावी याचं नाव असल्याची बातमी जगभर फिरली, आणि मग खुलासा करावा लागला की झावी आणि ग्वार्डिओला यांच्या नावाने आलेले ईमेल खरे नव्हतेच. एक फोन केला असता तर कळलं असतं. आमच्याकडे भाड्याने खोली देताना आधार कार्डाची झेरॉक्स घेतात राजेहो.

आणि माणूस मोकळा आहे का हे तपासा. ब्राझीलच्या फेडरेशनच्या अध्यक्षांनी २०२३ च्या जुलैमध्ये जाहीर करून टाकलं की अँचेलोट्टी २०२४ मध्ये येणार, अँचेलोट्टी तेव्हा रियाल माद्रिदच्या करारात, आणि डिसेंबरमध्ये त्याने तिथेच २०२६ पर्यंत सही ठोकली. मधल्या काळात ब्राझीलने डोरिवाल ज्युनियरला आणलं, मार्च २०२५ मध्ये अर्जेंटिनाकडून ४-१ मार खाल्ल्यावर त्याला काढलं, आणि अँचेलोट्टी शेवटी मे २०२५ मध्ये आला. जवळपास दोन वर्षं एका तोंडी होकारावर गेली. कोच दुसरीकडे बांधलेला असेल तर त्या क्लबशी तिसरं बोलणं करावं लागतं, ते तुम्ही करणार की कोच स्वतः करून घेणार आणि सोडवणुकीचे पैसे लागले तर कोणाच्या खिशातून, हे पहिल्याच मीटिंगमध्ये विचारा.

किती दिवसांचा करार

क्लबच्या कोचला दर आठवड्याला मॅच असते. नॅशनल कोचला वर्षात जेमतेम दहा-बारा, फिफाच्या विंडोमध्ये (क्लब खेळाडूंना देशासाठी सोडतात ते ठरलेले दिवस), आणि २०२६ पासून सप्टेंबर आणि ऑक्टोबरची विंडो एक केल्यामुळे कॅम्पचे तुकडे अजून कमी. त्यामुळे "तीन वर्षांचा करार" हा आकडा ऐकायला भारदस्त असला तरी त्याला तसा अर्थ नाही, खरं माप स्पर्धा आहे. जर्मनीने नागल्समनला सप्टेंबर २०२३ मध्ये घेतलं तेव्हा फक्त युरो २०२४ पर्यंत घेतलं, मग काम पाहून २०२६ पर्यंत वाढवलं, मग २०२८ पर्यंत. इंग्लंडने टुकेलला १ जानेवारी २०२५ पासून अठरा महिन्यांसाठी घेतलं, म्हणजे सरळ वर्ल्ड कपपुरतं. या दोघांनी मला पटेल असं काम केलं. आपल्या इथे खालिद जमीलला ऑगस्ट २०२५ मध्ये दोन वर्षं आणि कामगिरी पाहून तिसऱ्या वर्षाचा पर्याय असं दिलं, तेही चांगलं आहे, फक्त "कामगिरी पाहून" हे तीन शब्द करारात आकड्यांत लिहिलेले असले पाहिजेत. कोणती स्पर्धा, कोणता राउंड, कोणती तारीख, आणि पर्याय वापरायचा अधिकार कोणाचा, फेडरेशनचा की दोघांचा.

माझं मत विचाराल तर छोट्या फेडरेशनने तारखेवर करार संपवूच नये. असं लिहा की हा करार अमुक क्वालिफायरच्या शेवटच्या मॅचनंतर तीस दिवसांनी संपेल, आणि टीम क्वालिफाय झाली तर मुख्य स्पर्धा संपेपर्यंत आपोआप पुढे जाईल. मग हरल्यावर कोणाला काढावंच लागत नाही, करार आपला आपण संपतो, आणि संपलेल्या करारावर भरपाई नसते. मॅच पुढे ढकलली गेली तर काय होईल तेही एका ओळीत टाका, कोविडच्या वेळी आख्खं कॅलेंडर सरकलं होतं ते आठवत असेल. कोच हे मान्य करणार नाही असं वाटतं, पण चांगला कोच करतो, कारण क्वालिफाय झाल्यावरचा आकडा तो वाढवून मागतो आणि तो द्यायला तुम्हालाही तेव्हा जड जात नाही.

पैसे

इथे लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात आणि इथेच सगळ्यात कमी भांडणं होतात, त्यामुळे मी पटकन सांगतो. आकडा ग्रॉस, म्हणजे टॅक्स कापायच्या आधीचा आहे, की हातात पडणारा, हे आकड्याच्या शेजारीच लिहा. महिन्याला ३० हजार डॉलर हातात देतो असं कबूल केलं आणि टॅक्स साधा ३० टक्के धरला, सरचार्ज-सेस सोडून, तर फेडरेशनला सुमारे ४२ हजार ८५० डॉलर मोजावे लागतात. वर्षाला दीड लाख डॉलरचा फरक, एका शब्दासाठी. परदेशी कोच वर्षात १८२ दिवस भारतात राहिला की तो इथला रहिवासी धरला जातो आणि टॅक्सचा हिशोबच बदलतो, म्हणून राहण्याची अट आणि टॅक्सची अट एकाच दिवशी एकाच सीएला दाखवा.

बोनस लिहिताना "क्वालिफिकेशन" म्हणजे काय ते लिहा, थेट की प्लेऑफमधून आलं तरी चालेल, आणि कोच मध्येच गेला आणि टीम नंतर क्वालिफाय झाली तर वाटा मिळेल का. स्टाफचं वेगळं सांगतो: असिस्टंट, गोलकीपर कोच, फिटनेसवाला, हे कोचची माणसं असतात पण पगार तुम्ही देता, आणि कोच गेला की ही पलटण तुमच्याकडे करारासकट उरते. त्यांचे करार मुख्य कोचच्या करारासोबत संपतील असं प्रत्येकाच्या कागदावर, त्या प्रत्येकाच्या सहीने लिहून घ्या. मुख्य कोचच्या करारात लिहिलं म्हणून असिस्टंट बांधला जात नाही.

आणि जे परवडत नाही ते कबूल करू नका. रशियाने फॅबिओ कापेलोला घेतलं, महिनोन्‌महिने पगार थकला, शेवटी २०१५ मध्ये उस्मानोव्ह नावाच्या अब्जाधीशाने फेडरेशनला कर्ज दिलं तेव्हा तो चुकता झाला. प्रत्येक फेडरेशनला असा शेठ भेटत नाही.

आता खरा मुद्दा

माझे मामाजी काटोलकडचे, संत्र्याची बाग. आमच्याकडे फळ झाडावर असतानाच बाग व्यापाऱ्याला उक्ती द्यायची पद्धत आहे, व्यापारी येतो, बागेतून फिरतो, झाडं मोजतो, एक आकडा ठरतो, इसार देतो आणि तोडणीच्या वेळी बाकीचे. एका वर्षी मृग बहाराचं फळ चांगलं धरलं होतं, सौदा झाला, व्यापारी चहा पिऊन गेला, वहीच्या पानावर लिहिलेली चिठ्ठी मामाजींनी देवघरात ठेवली. फेब्रुवारीत गारपीट झाली. अर्धं फळ खाली, उरलेल्यावर डाग. व्यापारी म्हणे इसार परत द्या, मामाजी म्हणत बाग तुमची झाली होती, आता फळ पडलं ते तुमचं. चिठ्ठी काढली, मी तेव्हा कॉलेजात होतो, मी वाचली. आकडा होता, तारीख होती, दोघांच्या सह्या होत्या. गारपिटीचा ग नव्हता. शेवटी गावातल्या चार लोकांनी बसून अर्धं-अर्धं केलं आणि दोघंही नाराज होऊन उठले.

कोचच्या करारात गारपीट म्हणजे हरणं. ती येतेच, दोन-तीन वर्षांत एकदा तरी, आणि तरीही करार करायच्या दिवशी हरण्याचं नाव काढणं अपशकुन वाटतं. म्हणून मी सांगतो की पहिल्या मीटिंगला पगाराआधी हेच कलम टेबलावर टाका, त्या दिवशी दोघांनाही एकमेक हवे असतात, नंतर एकाला नको असतो आणि मग भाव तोच ठरवतो ज्याच्या हातात कागद आहे.

आता नियम काय आहे ते बघा. फिफाने १ जानेवारी २०२१ पासून कोचच्या करारांसाठी वेगळे नियम आणले. त्यांचा मूळ गाभा असा की करार लेखी पाहिजे, ठरलेल्या मुदतीआधी तोडायचा तर न्याय्य कारण पाहिजे, कारण नसताना तोडला तर भरपाई. आणि खराब रिझल्ट हे न्याय्य कारण धरलं जात नाही. हे वाक्य फेडरेशनवाल्यांनी भिंतीवर चिकटवावं. आपल्याला वाटतं की टीम अफगाणिस्तानकडून घरच्या मैदानावर हरली, क्वालिफाय झाली नाही, आता अजून काय कारण पाहिजे. फिफाच्या ट्रिब्युनलला, म्हणजे असली भांडणं सोडवणाऱ्या मंडळाला, ते कारण वाटत नाही, कारण जिंकून देण्याची गॅरंटी कोचने दिलेली नसते, काम करण्याची दिलेली असते. आमच्या सर्व्हिस मॅटरमध्येही हेच, काम बरोबर केलं नाही हे वेगळं आणि रिझल्ट आला नाही हे वेगळं.

करारात काही लिहिलेलं नसेल तर भरपाई म्हणजे उरलेल्या मुदतीचा सगळा पगार, आणि त्या काळात कोचला दुसरी नोकरी लागली तर तिथला पगार त्यातून वजा. करारात दोघांनी आधीच आकडा ठरवला असेल तर तो आकडा चालतो. सगळा खेळ या एका वाक्यावर आहे.

स्टिमॅकचं उदाहरण कागदावर मांडतो. बातम्यांत आलेले आकडे असे की महिन्याला ३० हजार डॉलर, आणि फेब्रुवारी २०२५ पासून ४० हजार. काढलं १७ जून २०२४ ला, मुदत जून २०२६. जुलै ते जानेवारी सात महिने गुणिले ३० हजार म्हणजे २ लाख १० हजार. पुढचे सतरा महिने ४० हजारानेच धरले तर ६ लाख ८० हजार. बेरीज ८ लाख ९० हजार. त्याने मागितले सुमारे ९ लाख २० हजार. म्हणजे त्याने काही हवेतला आकडा फेकला नव्हता, पोह्याच्या ठेल्यावर पेपर नॅपकिनवर मी हाच गुणाकार केला होता. फेडरेशनची सुरुवातीची तयारी तीन महिन्यांच्या पगाराची होती, प्रकरण फिफाकडे गेलं, आणि शेवटी तडजोड झाली ४ लाख डॉलरवर, म्हणजे सव्वातीन कोटी रुपयांच्याही वर. आता करारात एक ओळ असती, की फेडरेशनने मुदतीआधी करार संपवला तर तीन महिन्यांचा पगार हीच पूर्ण भरपाई, तर तोच विषय ९० हजार डॉलरमध्ये मिटला असता. एका ओळीची किंमत ३ लाख १० हजार डॉलर. बाप्पा.

याच फेडरेशनचं पुढचं प्रकरण बघा. मानोलो मार्केझ जुलै २०२४ मध्ये आला, जून २०२५ मध्ये हाँगकाँगकडून शेवटच्या मिनिटांत हरलो, आणि २ जुलैला दोघं सामंजस्याने वेगळे झाले, कोणीही कोणाला पैसे न देता. ही रीत दिसायला सोपी आहे पण ती तेव्हाच जमते जेव्हा कोचलाही निघायचंच असतं, त्यामुळे तिच्या भरवशावर बसू नका.

कलम लिहायचं कसं? मी असं लिहीन. फेडरेशन कोणतंही कारण न देता इतक्या दिवसांची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकेल आणि इतक्या महिन्यांचा ग्रॉस पगार इतक्या दिवसांत देईल, तीच अंतिम भरपाई. कोचही तसाच संपवू शकेल आणि तो फेडरेशनला इतके देईल. दोन्ही बाजूंचे आकडे सारखेच हवेत असं नाही, पण एकाच बाजूला दरवाजा आणि दुसऱ्या बाजूला भिंत असलं कलम ट्रिब्युनल बाजूला ठेवू शकतं, मग तुम्ही परत उरलेल्या पगारावर येता. "हावरटपणा केला तर कलमच जातं" हे मी अशीलांना रोज सांगतो, ऐकतो कोण.

तीन महिने की सहा, हे बोलणीत ठरेल. पायरीने लावलं तर कोच लवकर मानतो: पहिल्या वर्षी सहा महिन्यांचे, दुसऱ्या वर्षी तीन, शेवटच्या सहा महिन्यांत एक. आणि क्वालिफाय न झाल्यास सगळ्यात कमी.

आणि एकदा दरवाजा ठेवला की गडबडीत बंद करू नका. इंग्लंडचा किस्सा मला फार आवडतो, म्हणजे आवडतो म्हणजे दुसऱ्याचा आहे म्हणून. तोच कापेलो रशियाआधी इंग्लंडचा कोच होता, आणि त्याच्या करारात २०१० च्या वर्ल्ड कपनंतर दोन्ही बाजूंना बाहेर पडायचा एक मार्ग होता. क्वालिफाइंग झकास झालं होतं, मोठा क्लब त्याला नेईल अशी भीती, म्हणून एफएने, म्हणजे इंग्लंडच्या फेडरेशनने, वर्ल्ड कपच्या अगदी तोंडावर त्याच्याशी बोलून ते कलमच काढून टाकलं. महिना गेला नाही तोच जर्मनीने ४-१ ने धुतलं. आता काढायचं तर करोडो पाउंड द्या, नाही तर ठेवा. ठेवला. फेब्रुवारी २०१२ मध्ये तो स्वतःच राजीनामा देऊन गेला. कोच पळून जाईल ही भीती असेल तर त्याच्या बाजूचा दंड वाढवा, आपला दरवाजा काऊन बंद करता?

पळून जाणं पण होतं. स्पेनने लोपेतेगीचा करार मे २०१८ मध्ये २०२० पर्यंत वाढवला, तीन आठवड्यांत, वर्ल्ड कपची पहिली मॅच तीन दिवसांवर असताना, रियाल माद्रिदने जाहीर केलं की हा वर्ल्ड कपनंतर आमचा कोच. फेडरेशनच्या अध्यक्षाला घोषणेच्या पाच मिनिटं आधी कळलं. दुसऱ्या दिवशी त्याला काढलं, हिएरोला उभं केलं, आणि टीम पहिल्याच नॉकआउटला रशियाकडून पेनल्टीवर हरून बाहेर गेली. करारात सोडवणुकीची रक्कम होती म्हणतात, ती भरून कोण कधी नेऊ शकतो याला कुंपण नव्हतं. म्हणून रकमेसोबत हे टाका: मुख्य स्पर्धेच्या आधी साठ दिवस ते स्पर्धा संपेपर्यंत कोच दुसऱ्याशी सही करणार नाही, जाहीर करणार नाही, आणि कोणाशी बोलणी सुरू झाली तर आम्हाला लेखी कळवेल.

पगार थकवला तर

दोन महिन्यांचा पगार थकला, कोचने लेखी नोटीस देऊन पंधरा दिवस दिले, तरी आला नाही, की तो करार तोडून जाऊ शकतो आणि भरपाईही मागू शकतो, काही वेळा वर जास्तीचे तीन महिन्यांचे पगारही. "ग्रँट आली की देऊ" हे फिफाकडे चालत नाही, आणि करारात "साठ दिवस उशीर चालेल" असं लिहिलं तरी ते सहसा मानत नाहीत. निकाल लागल्यावर पंचेचाळीस दिवसांत पैसे दिले नाहीत तर फेडरेशनच्या डेव्हलपमेंट फंडावर गदा येते. झिंबाब्वेने एका माजी ब्राझिलियन कोचचे पैसे दिले नाहीत म्हणून मार्च २०१५ मध्ये फिफाने त्यांना २०१८ च्या वर्ल्ड कप क्वालिफाइंगमधूनच बाहेर काढलं. एकही मॅच न खेळता बाहेर. त्या पोरांचा काय दोष होता.

भांडण कुठे चालणार हेही लिहा. कोच परदेशी असेल तर फिफाचं ट्रिब्युनल, तिथून लोझानच्या कॅसमध्ये, म्हणजे खेळांच्या आंतरराष्ट्रीय लवादात, अपील एकवीस दिवसांत. पण कोच आपलाच असेल तर ते प्रकरण आंतरराष्ट्रीय धरलं जात नाही, मग आपल्या इथली आर्बिट्रेशन किंवा कोर्ट. करारात आर्बिट्रेशनचं कलम, ठिकाण आणि आर्बिट्रेटर कसा नेमणार हे नसेल तर, मी याच धंद्यातला आहे म्हणून सांगतो, तारखांवर तारखा मोजत बसाल आणि कोच तोवर दुसऱ्या दोन टीमा करून मोकळा झालेला असेल.

राहणं, दुसरी नोकरी, तोंड

क्लिन्समनला कोरियाने २०२३ मध्ये घेतलं, तो बराचसा वेळ अमेरिकेतल्या घरून काम करायचा, लोक चिडले, २०२४ च्या एशियन कपच्या सेमीफायनलला जॉर्डनकडून हरल्यावर गेला, आणि करार २०२६ वर्ल्ड कपपर्यंतचा असल्यामुळे अब्जावधी वॉनची बिदागी. "कोच देशात राहील" असं नुसतं लिहून उपयोग नाही. वर्षाला किती दिवस, किती लीग मॅच स्टेडियममध्ये बसून बघायच्या, दर महिन्याला रिपोर्ट कोणाला, हे लिहा, म्हणजे तो आला नाही तर ते काम न करणं ठरतं, आणि काम न करणं हे रिझल्टपेक्षा फार वेगळं कारण आहे. मी लेखी नोटीस, दुसरी नोटीस, उत्तर द्यायची संधी, असा क्रमही करारात टाकीन.

एकाच वेळी क्लब आणि देश दोन्ही सांभाळायची मुभा मार्केझला पहिल्या सीझनपुरती दिली होती, एफसी गोवा आणि इंडिया. पैसे वाचतात हे खरं. पण दुसऱ्या क्लबचा खेळाडू बाहेर बसला की लोक लगेच कोचच्या क्लबकडे बोट दाखवतात, आणि त्याला उत्तर कोणत्याच कलमात सापडत नाही. मी तरी देणार नाही.

वागणुकीचं कलम थोडक्यात: सॅम अलार्डाइस इंग्लंडचा कोच ६७ दिवस होता, एक मॅच, पेपरवाल्यांनी छुप्या कॅमेऱ्यावर पकडलं आणि सामंजस्याने गेला. बाहेरची कामं, एजंटांशी पैशाचे संबंध, सोशल मीडिया, एवढं पुरे. टीम निवडीत शेवटचा शब्द कोचचा, हे मात्र स्पष्ट लिहा, चांगला कोच ते मागतोच, आणि ते लिहिलेलं असलं की कमिटीतल्या भाचेपुतण्यांच्या शिफारशीही जरा कमी येतात.

कोचच्या बाजूने बसले असाल तर

पगाराची तारीख आणि बँक लिहून घ्या, स्टाफचे पैसे तुमच्याआधी थकतात ते लक्षात ठेवा, रागात व्हॉट्सॲपवर राजीनामा देऊ नका, आणि काढलं तर घोषणेत काय शब्द वापरायचे यावर दोघांची संमती लागेल असं कलम मागा. जपानने हालिलहोजिचला २०१८ च्या वर्ल्ड कपच्या दोन महिने आधी काढलं तेव्हा त्याने कोर्टात मागितला होता एक येन. पैशासाठी नव्हतंच ते.

सही करताना

व्हिसा मिळाला तर करार, कोचिंगचं लायसन्स मिळालं तर करार, असली अट फिफाच्या नियमात चालत नाही, सही झाली की करार झाला, म्हणून व्हिसा आणि लायसन्सचे कागद आधी बघून घ्या. करार दोन भाषांत असेल तर कोणती भाषा खरी धरायची ते लिहा. एजंट असेल तर त्याचं नाव करारात. प्रत्येक पानावर दोघांची सही. फोटो त्यानंतर, आधी नाही.

आमच्या ग्राउंडवर पोरांना शिकवायला मागच्या वर्षी एक कोच ठेवला, महिन्याला आम्ही सगळे वर्गणी काढून देतो. मी दीड पानाचा कागद केला, पगाराचा आकडा लिहायच्या आधी निघायचं कलम लिहिलं, तीस दिवसांची नोटीस दोन्हीकडून. ग्रुपवाले हसले की वकिलाला दुसरं सुचतच नाही. कोचने कागद घरी नेला, दोन दिवसांनी परत आणला, आणि तीसवर काट मारून पंचेचाळीस केलं होतं. म्हणाला, "सर, उन्हाळ्यात पोरं गावी जातात, तेव्हा तुम्ही काढलं तर मला मे महिन्यात कोण ठेवणार?" आम्ही पंचेचाळीसवर सह्या केल्या आणि तो कोन लावायला मैदानात गेला.